काठ डावा की उजवा

दुपारी दादाच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. तेवढ्या वेळात आम्ही दोघं भाऊ काउंटरवर नकाशा पसरून बसतो आणि नदीकाठानं थेट समुद्रापर्यंत सायकलनं कसं जायचं ते ठरवतो. नकाशा गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर फ्रेमचे ट्रे. तंबू ठरला, पंक्चरचं सामान ठरलं, घोरणाऱ्यानं तंबूबाहेर झोपायचं हेही ठरलं. घोरतो कोण, यावर मात्र दुमत आहे. आणि काठावर.

उजव्या काठाला टेकड्या. नदी खरी दिसते ती तिथूनच, असं दादाचं म्हणणं. डावा काठ ताटासारखा सपाट. मी डाव्यावर अडून बसलो होतो आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. दादाच्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. आता चढ चढलात तर कायमची काठी हातात येईल, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. त्यानं घरात ब्र काढला नाही. वहिनीनं डॉक्टरांनाच गाठून ते काढून घेतलं, मला सांगितलं आणि वर दम भरला, "भाऊजी, गुडघ्याचं नाव काढलंत तर हे उद्याच एकटे निघतील. तेही उजव्या काठानं."

दादाला मी जन्मापासून ओळखतो. निघाला असता.

मग मी कारणं शोधू लागलो. डाव्या काठाला सावली आहे, म्हणालो. दादानं भिंग पुढे सरकवलं आणि नकाशात झाडं दाखव म्हणाला. उजवीकडे कुत्री फार, म्हणालो. कुत्र्यांना काठ कळतात का, असं त्यानं विचारलं. शेवटी मी वाऱ्यावर आलो: डाव्या काठाला वारा पाठीमागून असतो, उजव्याला समोरून. एकाच नदीवर, एकाच वेळी. बोलता बोलता माझी मलाच कीव आली. डबा घेऊन आलेल्या वहिनीनं तोंड फिरवून शोकेसची काच पुसायला घेतली.

दादा उठला, शटरपर्यंत जाऊन परत आला. येताना त्यानं काउंटरचा आधार घेतला. मी घाईनं नकाशात डोकं घातलं.

"खरं सांग," तो म्हणाला, "चढाला तुझा दम पुरत नाही ना?"

मी दर रविवारी गावामागच्या टेकडीवर सायकल चढवतो. हे दादाला ठाऊक आहे. खाली चहाच्या टपरीवर तोच वाट बघत बसलेला असतो.

"नाही पुरत," मी म्हणालो.

"मग आधी नाही का बोलायचं? सख्ख्या भावाशी कसली लाज? चल, तुझ्यासाठी डावा."

त्यानं डाव्या काठावरून पेन्सिलीची रेघ ओढली. मग खणातून गुडघ्याला चढवायचा नवाकोरा पट्टा काढून माझ्या पिशवीत टाकला.

"असू दे सामानात. तुझं काही खरं नाही."

पट्टा दादाच्या मापाचा होता.

"वरच ठेवा हं भाऊजी, लगेच सापडेल असा," वहिनी म्हणाली आणि तिनं डबा उघडला.