असुंताचे पाय

"उठ की गं. ऊन बटाट्यांवर आलं."

"तू उठ. मी काय तुला धरून ठिवलंय?"

"कंबर उठंना म्हणून तर तुला उठवतोय."

"आन् माझं पाय उठंनात. आता?"

"आता तुझी कंबर घे, माझं हात घे. दोघं मिळून एक माणूस उभा करू."

"त्यो माणूस बी लंगडाच निघंल, मेल्या."

मातीच्या भिंतीपलीकडून रोज सकाळी हे ऐकू यायचं, मग काठी आपटल्याचा आवाज, मग दोघांचं कण्हणं. आधी तिचं, मागून त्याचं. मी चूल पेटवता पेटवता ऐकायची. आवाज उशिरा आला तर हातातलं लाकूड तसंच राहायचं.

असुंता आणि सेवेरो. वय विचारलं तर दोघं एकमेकांकडं बोट दाखवायची.

गावात सावड आहे. आज सगळ्यांनी तुझ्या माळावर, उद्या माझ्या. पेरणी असो, काढणी असो, नाहीतर आमच्या डोंगरावर जूनमध्ये पडते त्या थंडीत गोठलेले बटाटे तुडवणं असो, दिवसाला दिवस. ज्या घरातून माणूस येत नाही, त्या घरी माणूस जात नाही. वाईट वाटून जात नाही, असं नाही. पण जात नाही. मग त्या घराचं रान पडून राहतं, गाव ते दुसऱ्याला देतं आणि म्हातारी माणसं गाठोडं घेऊन एल आल्तो शहरात पोरांकडं जातात. असुंताच्या लेकीची तिथं एक खोली आहे. विटांची, जिना चढून जायची.

"तिथं मेलं तर पायाखाली माती बी न्हाई," असुंता म्हणायची. "दुसऱ्याच्या डोक्यावर मरायचं."

म्हणून गावानं दोघांना एक सवलत दिली होती. सावडीत दोघं मिळून एक. तुडवायला तिचे पाय, सोलायला त्याचे हात. मेलिटोन, आमचा गावकारभारी, नावं घेताना म्हणायचा, "असुंतासेवेरो." एका दमात.

दुखणं बैलाच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. असुंताचं मुंगीच्या पावलानंच आलं. आधी बोटांना मुंग्या. मग तळव्यांना निखारे. मग असं की पायावर घोंगडी सहन होईना. लामा जनावराची चरबी लावून झाली. कोकाची पानं चघळून बांधून झाली. मुताचा शेक झाला. एकदा जिवंत बेडूक बांधला, तो बिचारा मेला, दुखणं जिवंत राहिलं.

उपकेंद्रातल्या नर्सबाईनं रक्त बघितलं आणि साखर आहे म्हणाली.

"साखर?" असुंता तिच्यावरच भडकली. "दोन सालं घरात चहाला साखर न्हाई, आन् रक्तात कुठनं आली? कुणी ठिवली?"

गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या ती सेवेरोला द्यायची, कमरेसाठी. त्याला वाईट वाटू नये म्हणून तो घ्यायचा.

आता त्या सकाळचं सांगते.

मेलिटोनच्या बटाट्यांची पाळी होती. तीन रात्री ते माळावर पसरलेले, दगडासारखे गोठलेले. ऊन चढलं की ते सैल पडतात, तेवढ्या वेळात अनवाणी तुडवून पाणी काढायचं. मग ते सुकले की चुन्यो होतो, वर्षानुवर्षं टिकतो. कमी तुडवला तर कुजतो. जास्त तुडवला तर चिखल. किती ते तळव्याला कळतं, डोळ्याला नाही.

आम्ही पायातलं काढून उभ्या होतो, तर असुंता काठी न घेता आली.

"काठी कुठाय?"

"चुलीत घातली."

"येड लागलं काय, मावशी?"

"दुखायचं थांबलं, बासिले." तिनं माझे दोन्ही हात धरले. "सकाळी उठले तर काय बी न्हाई. चिमटा न्हाई, निखारा न्हाई. ह्यो बघ." आणि तिनं पाय आपटला. गोठलेल्या जमिनीवर, जोरात, पुन्हा एकदा.

सेवेरो मागून वाकत वाकत येत होता. दात नसलेलं तोंड भरून हसत होता. "काळ्या लामाची चरबी," म्हणाला. "म्या सांगितलं होतं. काळ्याचीच पायजे."

"मला बी दे की रं थोडी," कुणीतरी ओरडलं. "माझ्या सासूच्या तोंडाला लावते, ते बी थांबंल."

केवढं हसलो. असुंता सगळ्यांत जास्त. तिनं परकर वर खोचला आणि तुडवायला लागली, अशी की पोरीबाळी मागं पडाव्यात. गोल फिरायची, टाच रुतवायची, पुन्हा गोल. बटाट्यांचं पाणी उडत होतं. ती गात होती. मी तिला गाताना कधी—

नाही, ऐकलं होतं. तिच्या लग्नात. मी तेव्हा कडेवरची होते, पण ऐकलं होतं.

"मावशी, बास की आता. त्यो ढीग झाला."

"झाला व्हय?" ती थांबली. खाली बघितलं नाही. "मला वाटलं, अजून कच्चा हाय."

पायाखाली चिखल होता. आणि चिखल लाल होत चालला होता.

तिलाही दिसला तो. तिनं आमच्याकडं, एकेकीच्या पायांकडं काळजीनं बघितलं.

"कुणाचा पाय कापला गं?" म्हणाली. "सांगा की पोरींनो, कुणाला लागलंय? बसा खाली."

कुणीच बसलं नाही. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

हसू सेवेरोच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं.

फुटक्या बाटलीची काच होती. टाचेत बोटभर गेलेली, आणि त्यावर ती नाचलेली. मी काढली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. मेलिटोनच्या बायकोनं तो ढीग वेगळा काढला. पोरांना कुणी रक्ताचं खायला घालत नाही.

जखम भरली नाही. जून गेला, जुलै गेला. नर्सबाई म्हणाली, दुखत होतं तेव्हा पाय जिवंत होता. आता शहरातल्या मोठ्या इस्पितळात जा, बहुतेक कापावा लागेल. असुंता म्हणाली, कापलेला पाय सावडीत कोण धरतो?

तेव्हापासून भिंतीपलीकडून दुसरंच ऐकू यायला लागलं.

"दुखलं?"

"न्हाई."

"आता?"

"कुठं हात लावलास तरी?"

"लावलाय."

कण्हणं ऐकायला मी कान लावून बसायची. देवा, निदान कण्ह.

पेरणीच्या आधी मेलिटोन घरोघर नावं घेत फिरला. मी तिथंच होते, जखमेवरचं फडकं बदलत. वास येत होता. मेलिटोननं टोपी हातात घेतली आणि दारातच उभा राहिला.

"काका, मावशीचं पाय कसं हायेत?"

"लई दुखत्यात," सेवेरो म्हणाला. अभिमानानं म्हणाला. "परत दुखायला लागलेत. रातभर वरडती. तुला दावतो."

तो गुडघ्यावर बसला, त्यालाच केवढा वेळ लागला. असुंतानं पाय पुढं केला आणि डोळे मिटले.

"आई गं!" ती ओरडली. "मेल्या, हळू! जीव घेतोस काय!"

सेवेरोचा हात अजून स्वतःच्याच मांडीवर होता.

मेलिटोननं तो हात बघितला. मीही बघितला. सेवेरोनं आमच्याकडं बघितलं नाही. मेलिटोन टोपी फिरवत राहिला, मग डोंगराकडं तोंड करून पुटपुटला,

"औंदा आराम करा, काका."

आमच्याकडं आराम मेलेल्यांना सांगतात.

तो गेला. पुढच्या दारात त्यानं माझ्या दिराचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं. असुंता डोळे मिटूनच बसली होती, शाबासकीची वाट बघत.

"धरलं न्हवं आपल्याला?" तिनं विचारलं.

"धरलं," सेवेरो म्हणाला.

मग त्यानं तिची टाच ओंजळीत घेतली आणि चिमटा काढला, खराखुरा, असेल नसेल तेवढा जोर लावून. नखं पांढरी पडली. नखं आत गेली.

असुंतानं डोळे उघडले, दारातून लांब डोंगराकडं बघितलं.

"बासिले," ती मला म्हणाली, "पुढच्या साली गारठा लवकर पडंल काय गं?"