खांडीपलीकडे पाणी नेणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची गाडी आहे. शेव्याच्या बाजूला मिठागरं जिथे संपतात, तिथल्या गोड्या विहिरीजवळ मी उभी असते. माझा रंग निळा होता, हे आता सांगितल्याशिवाय कळत नाही. वाटेने जाणारे कधी कधी विचारतात, "ही इथं कुणी सोडली?" सोडली कुणीच नाही. मी थांबले आणि मग मला न्यायला कुणी आलं नाही, इतकंच.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी मुंबईत माझा सांगाडा बांधला गेला. सागवानी फळ्या, वरून पत्रा, मागे दोन दारं. मी एका बेकरीची गाडी होते. गरम पावांची तबकं चढवायला-उतरवायला सोपी जावीत म्हणून माझं पोट अगदी जमिनीलगत ठेवलं होतं. गुळगुळीत रस्त्यांवर त्याचं काही वाटत नसे. माझ्या अंगाला पावाचा वास येई आणि मी ज्या गल्लीत शिरे त्या गल्लीतल्या खिडक्या उघडत. पुढे बेकरीने मोठी गाडी घेतली आणि मी दयारामकडे आले.

दयाराम मिठागरातल्या घराण्यातला. लढाईच्या काळात तो लष्करी लॉरी चालवायला शिकला होता. त्याच्या बायकोचं नाव काशी. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांनी मिळून माझ्या पोटात लाकडी पिंपं बसवली, त्यांना पितळी तोट्या लावल्या, आणि कोंढरी नावाच्या मिठाच्या आगरावर गोडं पाणी पोचवायचं काम धरलं. तिथे सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला घोटभर नाही. मीठ पिकवणारी माणसं हंगामभर बांधावरच झोपड्या करून राहत. त्यांच्या तहानेला मी एकटी.

विहिरीवर काशी पाणी शेंदायची, दयाराम पिंपं भरायचा. मग काशी त्याच्या शेजारी बसायची आणि आम्ही निघायचो. दयाराम मोजकंच बोलणारा माणूस, पण गाडीत त्याची जीभ सुटे. ती हसायची. तिच्या बांगड्या दारावर वाजायच्या. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस, पण तेव्हा ते मला कळलं नव्हतं.

अडचण एकच होती. वाटेत बांध एका जागी फुटून खांड पडली होती. ओहोटीला तिथे नुसते दगड दिसत, भरतीला खाडीचं पाणी आत घुसे. माझं पोट त्या दगडांवर खरवडायचं. उधाणाच्या दिवसांत तर इंजिनात पाणी जाऊन मी मध्येच बंद पडायचे. मग आगरातल्या बाया कमरेइतक्या खाऱ्या पाण्यातून डोक्यावर हंडे घेऊन माझ्यापर्यंत यायच्या. एकदा बायजा नावाची पोटुशी बाई दगडावरून घसरली. तिला काही झालं नाही, पण दयारामच्या मनातून ते जाईना.

"गाडी उंच करून घेतो," तो काशीला म्हणाला. तिने मान डोलावली. आणखी काही त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

पनवेलला रामचंद्र नावाचा मिस्त्री होता. त्याने मला लाकडी ओंडक्यांवर चढवलं, चाकं काढली, गंजलेले बोल्ट कापले आणि माझे कमानपाटे सोडवले. मित्रांनो, गाडीचा सगळा भार या वाकलेल्या पोलादी पाट्यांवर असतो. त्याने प्रत्येक जुडग्यात एक-एक जाड पाटा वाढवला. पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले आणि लांब बोल्टांनी सगळं आवळलं. ब्रेकच्या सळया लांबवल्या. ओंडके काढल्यावर मी स्वतःलाच ओळखलं नाही. माझ्या पोटाखालून कुत्रं उभ्याने जात होतं.

रामचंद्र हात पुसत म्हणाला, "दयारामभाऊ, उंची वाढली, पण ओढ न्हाय वाढली. हिची मागचीच दोन चाकं ओढणार. चिखलात रुतली तर पुढची चाकं काय मदत करायची न्हाईत. आणि पिंपं भरलेली असताना जपा. डोकं जड झालंय हिचं."

"जपतो," दयाराम म्हणाला.

पहिल्याच उधाणाला मी खांड पार केली. दोन्ही बाजूंनी पाणी फेसाळत होतं आणि माझं इंजिन कोरडं होतं. आगरातली माणसं ओरडत धावत आली. ठमाबाई नावाची म्हातारी तिथली सगळ्यांत मोठी. तिने माझ्या चाकावर पाणी ओतलं आणि कुंकू लावलं. मी ताठ मानेने उभी होते. मला खूप अभिमान वाटला.

पण त्या दिवशी काशी माझ्यात चढली होती ती दयारामने दंडाला धरून वर ओढली म्हणून. तिचे गुडघे आधीपासून दुखायचे. उतरताना ती दाराला लोंबकळली आणि बाया हसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग ती म्हणाली, "तुमीच जावा. मला घरी काम हाय."

घरी काम नव्हतं. मला ते ठाऊक होतं. दयारामलाही असणार, पण त्याला घाई होती. पाणी पोचत होतं, लोक दुवा देत होते. शेजारची जागा मोकळी राहू लागली. तो आधी एकट्याने गुणगुणायचा, मग तेही थांबलं. मी एवढी उंच झाले होते की बांधावरून मला पार खाडीपलीकडचे डोंगर दिसत, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात आम्हा दोघांशिवाय कुणी नसे. संध्याकाळी घराजवळ आलो की काशी दारात बसलेली दिसे. दिवसभर तिच्याशी कोण बोललं असेल, असं मला वाटे. मला विचारता येत नव्हतं. दयारामला येत होतं, पण त्याने विचारलं नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली असतील. एका दुपारी खांडीजवळच्या वळणावर बांधाची कड खचली. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. भरल्या पिंपांतलं पाणी एका अंगाला धावलं आणि माझं जड डोकं कलंडलं. मी आडवी झाले. दयाराम दारातून अर्धा बाहेर फेकला गेला आणि त्याचा पाय माझ्याखाली चिखलात अडकला. आगरातली माणसं लांबच्या टोकाला मीठ ओढत होती. आणि भरती लागली होती.

मित्रांनो, माझा भोंगा चिखलात होता. मी दयारामला दाबून धरलं होतं आणि मला बाजूला होता येत नव्हतं. याहून वाईट काय असेल? पाणी हळूहळू त्याच्या छातीपर्यंत आलं.

बांधावरून कुणीतरी लंगडत येताना दिसलं. ती काशी होती. दिवस कलला तरी गाडी परतली नाही म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी एवढं चालत आली होती.

"काशे, तू कशाला आलीस? तुझं गुडघं..." तो म्हणाला.

"गप ऱ्हावा. तोंडात पाणी जाईल."

निखळून पडलेलं एक रिकामं पिंप तिने बांधावर लोटत आणलं आणि दगडाने बडवायला लागली. मिठागरावर आडोसा नसतो, आवाज लांब जातो. ती थांबली नाही, हात सोलले तरी थांबली नाही. लांबची माणसं वळून पळायला लागली तसा तिने दगड टाकला, पाण्यात उतरली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर धरून बसली. माणसांनी वासे घालून मला उचललं तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

पाय बरा व्हायला पावसाळा गेला. मग दयाराम मला घेऊन रामचंद्रकडे गेला. "ठोकळे काढ," तो म्हणाला.

"मग खांड कशी वलांडाल?"

"ओहोटीला जाईन. लोक थांबतील."

ठोकळे निघाले. त्याने काशीला बरोबर आणलं होतं. दार उघडून तो म्हणाला, "बस बघू. पाय पोचतो का?"

काशी बसली. मग म्हणाली, "हेच तवा इचारलं असतं तर?"

दयाराम माझ्याभोवती फिरून आपल्या जागी येऊन बसला.

आगरात काहीजण कुरकुरले. पण ठमाबाई कडाडली, "गाडी कवर उंच करायची? वाट उंच करा की!" मग सगळ्यांनी मिळून दगड वाहिले, खांड भरून काढली. त्यावरून काशीला शेजारी घेऊन आम्ही पुढे कितीतरी हंगाम गेलो.

पुढे कोंढरीला नळ आला. रस्त्याकडेने लोखंडी पाइप पडत होते ते आम्ही पाहिले होते, पण पाणी कधी सुटणार हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी नेहमीसारखी पिंपं भरून आम्ही पोचलो. दयारामने भोंगा वाजवला. कुणी आलं नाही. झोपड्यांच्या पलीकडे नळाभोवती गर्दी होती, हसणं-ओरडणं चाललं होतं. त्याने पुन्हा भोंगा वाजवला. दोघा-चौघांनी वळून पाहिलं आणि ओशाळून तोंडं फिरवली.

फक्त ठमाबाई काठी टेकत आली. तिची कळशी आधीच नळाच्या पाण्याने भरलेली होती. ती तिने बांधावर ओतली आणि माझ्या तोटीखाली धरली. "तुजं पानी गोड हाय रे, दयाराम," ती म्हणाली.

ती गेल्यावर दयारामने सगळ्या तोट्या उघडल्या. पांढऱ्या मातीत गोडं पाणी मुरत गेलं. दोघं ते बघत बसून राहिली. पिंपं रिकामी झाली तेव्हा काशी म्हणाली, "चला, घरी जेवू." त्याने मला या विहिरीजवळ आणून उभं केलं, चावी काढली. ती माझी शेवटची फेरी.

आधी काशी गेली, मग दयाराम. आता माझ्याकडे कुणी येत नाही. मित्रांनो, माझी तक्रार नळाविरुद्ध नाही. कुणाच्या दारात पाणी येतंय याचं वाईट कोण वाटून घेईल? पण तुमच्या दारी रोज कुणी येत असेल आणि उद्यापासून त्याची गरज उरणार नसेल, तर आदल्या दिवशी त्याच्याकडे स्वतः चालत जा. त्याला बसवा, पाणी द्या, आणि तुमच्या तोंडाने सांगा, की उद्यापासून येऊ नकोस. भरलेली पिंपं घेऊन त्याला येऊ देऊ नका.