साडेचार शेराचं भिंग

हिंदुरावानं मोठं भिंग तागडीत ठेवलं, तसं पारडं दाणकन खाली बसलं. दत्तोबा तात्यांनी समोरच्या पारड्यात मापं चढवली. चार शेर. वर अर्धा. तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

"आता हे बघ," म्हणत तात्यांनी लहान भिंग ठेवलं. "सव्वा शेर. पिशवीत टाकलंस तर कुणाला कळायचं बी न्हाय."

तात्यांनी बारामतीत तीस वर्षं फोटो काढले. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सगळा पसारा हिंदुरावाच्या हवाली झाला होता. त्यात लांबचं जवळ आणणारी भिंगं दोनच. एक आज शेळगावला, त्याच्या बायकोच्या माहेरी न्यायचं होतं.

"लहान्याला किती जवळ जावं लागंल, तात्या?"

"वीस पावलं."

"आन् ह्याला?"

"साठावरनं चालंल. पर ते आंधळं हाय. टोपण काढून तीन आकडे मोजावं लागत्यात. तंवर समोरचं मानूस हाललं, की निस्तं धुकं. प्रयागला कोन सांगणार, हालू नगं म्हणून?"

हिंदुराव भिंगाचं पितळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला.

दोन वर्षांमागं त्यानं बायकोचा आणि लेकाचा फोटो काढला होता. गेणू अडीच वर्षांचा, चुळबुळ्या. प्रयागनं त्याला कडेवर घेतलं, कानाशी तोंड नेलं आणि हळूच आकडे मोजले. एक, दोन, तीन. पोरगं ऐकत गुमान राहिलं. फोटोत गेणू लख्ख आला, प्रयागचे ओठ तेवढे पुसट. आठव्या दिवशी गेणू तापानं गेला.

"तुमच्या काचंनं गिळला माजा ल्योक," असं म्हणून तिनं काच आणि फोटो दोन्ही चुलीत घातले आणि माहेर गाठलं. जाताना बजावलं, "पुन्यांदा ती माज्यावर रोखली, तर माजं मेलं त्वांड बगाल."

तेव्हापासून तो एकटा. कळंबच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता, तिथल्या मुकादमांचे मिशीला पीळ दिलेले फोटो काढायचा. घरी येऊन दोन भाकरी थापायचा, एक उरायची. पण हल्ली वेगळीच भीती धरली होती. प्रयागचं नाक आठवलं तर डोळे निसटायचे. डोळे धरून ठेवावेत तर हनुवटी जायची.

"मोठंच नेतो," तो म्हणाला.

"ने बाबा. वीस पावलांवर जायची छाती न्हाय तुजी. त्या चाळीस पावलांचं वझं हाय हे."

सर्व्हिस मोटारीनं त्याला फाट्यावर सोडलं. पुढं पायवाट. पाठीवर कॅमेरा, काखेत तिवई आणि खांद्याला धोतरात बांधलेलं भिंग. दर शंभर पावलांना खांदा बदलावा लागत होता. वाटेत शेळगावचा एक गाडीवान हटकून बोललाच.

"जावईबापू, वरवंटा घिऊन चाललाय का सासऱ्याला?"

"व्हय, मिरच्या वाटाय."

गाडीवान हसत बैलगाडी हाकून पुढं गेला, गावाकडं. आता बातमी आपल्या आधी पोचणार, म्हणून हिंदुराव मनात चरकला.

पाटाच्या भरावावर बाभळीआड त्यानं तिवई रोवली. भिंग चढवल्याबरोबर कॅमेऱ्यानं नाक खाली टाकलं, म्हणून तिवईला दगड बांधला. काळ्या फडक्यात डोकं घातलं. काचेवर सासऱ्याचं खळं उलटं लटकत होतं. उलटी म्हैस, उलटी कडब्याची गंज आणि उलटी प्रयाग, खराटा मारत. वाळलीय, एवढं कळलं. बराच वेळ तो फडक्यातच राहिला.

मग प्लेट घातली. हातानं टोपण धरलं. एवढ्यात प्रयागनं खराटा टेकला आणि पाठ सरळ केली. कंबर भरून आली असंल. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

टोपण काढलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले, चोरी करताना मांजर मिटतं तसे.

एक. दोन. तीन.

टोपण लावून डोळे उघडले, तर प्रयाग पाठमोरी होऊन खराटा मारत होती. गेली वाटतं प्लेट. त्यानं पुन्हा एकदा साठ पावलांकडं बघितलं आणि दगड सोडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना घोंगड्या लावून, तांबड्या कंदिलात त्यानं काच धुतली. तात्या दाराबाहेर ओट्यावर बसून होते.

हळूहळू खळं वर आलं. म्हशीची शेपटी धुकं. कडब्याची पानं धुकं. कोंबडीच्या जागी नुसता फराटा.

प्रयाग लख्ख होती. डोक्यावरचा पदर नीट ओढलेला, खराटा पायाशी, तोंड थेट बाभळीकडं. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यानं कंदील जवळ ओढला आणि वाचायचं भिंग धरलं. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी होतं.

ओठ तेवढे पुसट.

त्यानं भिंग काढलं, पुसलं, परत धरलं. त्याचे स्वतःचे ओठ हलले. एक, दोन...

"काय रं?" बाहेरून तात्यांनी विचारलं. "हालली का?"

हिंदुरावानं काच भिंतीला उभी केली.

"व्हय तात्या," तो म्हणाला. "हालली."