सभरवालांची पिक्सी

सुधन्वानं टोपली दिवाणखान्यात ठेवली आणि म्हणाला, "फक्त आठ दिवस. साहेब आणि मॅडम बाहेर चाललेत."

"कुठे?"

"सिंगापूरला."

"मग हिलाही न्या म्हणावं. तिथलीच ना ही?"

"यार, सभरवालसाहेबांना असं कसं सांगू?"

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा साहेबांच्या फायली घरी यायच्या. सुधन्वानं मंत्रालय सोडलं, कंपनी धरली, आम्ही गुडगावला नव्या सोसायटीत आलो. आता कंपनीतल्या साहेबांचं मांजर घरी आलं. प्रगती म्हणतात ती हीच.

सिंगापुरा जात. म्हणे जगातली सगळ्यात लहान. सोबत वंशावळीची झेरॉक्स, खापरपणजीपर्यंत. रंग मात्र मळकट भुरा. आमच्या कचराकुंडीपाशी याच रंगाची चार बसतात, त्यांची खापरपणजी कुणी विचारत नाही. मॅडमनी टाईप केलेल्या सूचनाही होत्या: पिक्सीला माणसांचा लळा आहे, तिला एकटं ठेवू नये, तिला खांद्यावर बसू द्यावं, तिच्याशी रोज गप्पा माराव्यात. माझ्याशी रोज कोण गप्पा मारतं, ते त्यात नव्हतं.

माझं लक्ष आमच्या रेवतीकडे होतं. तीन वर्षांची आहे, थंडी पडली की तिची छाती घरघरते. ती झोपली की मी तिच्या स्वेटरवर हात ठेवून बसते. डॉक्टर फोनवर म्हणाले, "केसांनी त्रास होईलच असं नाही. लक्ष ठेवा." जसं काही लक्ष ठेवण्यापलीकडे मी दुसरं काही करते.

पिक्सीची रवानगी मागच्या बाल्कनीत झाली. ती ओरडायचीसुद्धा नाही. काचेला नाक लावून बसायची. रेवती आतून नाक लावायची.

"आई, मांजर मला बुला रही है."

"बोलावतंय म्हण."

"बोलावतंय. दार खोल ना."

तिसऱ्या दिवशी सुधन्वानं खोललं. मांजर थेट रेवतीच्या खांद्यावर. रेवतीला काहीही झालं नाही, पण पाचव्या दिवशी सकाळी ती दोनदा शिंकली. त्या दोन शिंकांवर मी निकाल देऊन टाकला.

त्याच दुपारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सोसायटीतल्या पाच-सहा मराठी बायका आणि पहाडगंजहून कुमुदमावशी, माझ्या आईची मैत्रीण. हळदीकुंकू म्हटलं की दार सताड उघडं. रेवती आत झोपली होती. पिक्सी एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर हिंडत होती, आणि मंडळी तिचं कौतुक करत होती, ती भारी जातीची म्हणून. मग ती चपलांमधून वाट काढत उंबऱ्यावर गेली. थांबली. मागे वळून बघितलं.

मी तीन पावलांवर होते, हातात कुंकवाचा करंडा.

"अगं, तुमचं मांजर निघालं," कुमुदमावशी म्हणाल्या.

"आमचं नाही ते. तिळगूळ घ्या ना."

रेवती उठली, चार खोल्या फिरली आणि रडायला लागली. समजूत घातली, टीव्ही लावला. रडता रडता तिची घरघर सुरू झाली. पाच दिवस मांजराच्या केसांनी जे केलं नव्हतं ते अर्ध्या तासात मी केलं. वाफेच्या मशीनचा मास्क तोंडाशी नेला की ती ढकलून द्यायची.

"मांजर शोधून आण आधी," कुमुदमावशी तिला मांडीवर घेत म्हणाल्या. "मी बसते हिच्यापाशी. हळदीकुंकवाची कौतुकं नंतर."

मी पैठणी वर खोचून जिना उतरले. गेटवर द्वारका नावाचा गार्ड होता.

"भैया, एक छोटी ब्राउन बिल्ली देखी?"

"बिल्लियाँ तो बहुत आती हैं, मैडम. अभी एक को डंडा दिखाया."

"भाग गई?"

"भागती कहाँ है. उलटा गोद में चढ़ गई." त्यानं ओव्हरकोटाचं बटण काढलं. आतून भुरं डोकं वर आलं. मी हात पुढे केला, तर लगेच माझ्याकडे आली. तिला हाकलणारी काय आणि नेणारी काय, सगळे सारखेच. इतकी वंशावळ असून पारख शून्य.

तिला बघून रेवती गप्प झाली. मास्क लावून घेतला. मांजर तिच्याजवळ दिलं नाही, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला मी माझ्याच मांडीवर धरून बसले. दहा मिनिटांनी घरघर उतरली.

सुधन्वा ऑफिसातून आला. कुमुदमावशींनी त्याला सगळं सांगितलं होतं, माझं तेवढं वगळून.

"दार उघडं राहिलं असणार," तो म्हणाला. "होतं असं."

"दार उघडं होतंच. ती जाताना मी बघत उभी होते."

तो रेवतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारेल, का.

"साहेबांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगत. पण पुढच्या वेळी त्यांना नाही म्हणायचं, आणि ते तू म्हणायचं. जमेल?"

"बघू," असं म्हणून तो बूट काढायला लागला. पिक्सी माझ्या मांडीवर घुरघुरत होती, आणि तो आवाज छातीतला नाही ना, हे बघायला मी दोनदा उठून रेवतीपाशी जाऊन आले.