भागीतलं सिलिंडर

खाली रस्त्यात उभं राहून दुसऱ्याच्या नवऱ्याला "साहेब, आपलं सिलिंडर आलं बरं का!" अशी हाक मारणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. आपलं! मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. हातातली चादर मी पिळतच राहिले, पाणी केव्हाच निथळून गेलं होतं.

ही नर्सबाई. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. इस्पितळातून निवृत्त झाली, नवरा कधीच वारला, मुलगी लांब परदेशात. एवढं झाल्यावर बायका गुडघे धरून बसतात, हिनं वेल्डिंग शिकायला घेतलं. गंजक्या कात्र्या, जुने चमचे, तुटके चिमटे एकमेकांना जोडते आणि त्यांना पक्षी म्हणते. मला 'वहिनी' म्हणते आणि माझ्या नवऱ्याला 'साहेब'. आता मी वहिनी, तर हे भाऊ व्हायला नकोत का? पण नाही. तिथं मात्र साहेब.

आमचे हे पाणीखात्यात कारकून. उभ्या नोकरीत टाचणीपेक्षा जड लोखंड हातात धरलं नाही. निवृत्त झाल्यावर हौस आली आणि वेल्डिंगच्या कुठल्याशा वर्गाला जायला लागले. तिथं ही बाई शेजारच्याच टेबलावर होती, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही तिच्याच तोंडून.

"आलं म्हणजे कुठं आलं?" मी ह्यांना विचारलं.

"नर्सबाईंकडे." हे पायात चपला सरकवत होते.

"तिच्याकडे कशाला? आजारी आहे का सिलिंडर?"

हे हसले नाहीत. माझ्या बोलण्यावर हसायचं ह्यांनी कधीचं सोडलंय. "अगं, वेल्डिंग करताना वितळलेल्या लोखंडाला हवा लागू द्यायची नसते. त्यासाठी वरून गॅस सोडतात. तो गॅस लहान बाटलीत भरून घ्यायचा तर डेपोवाला जवळजवळ मोठ्याएवढेच पैसे घेतो. हौशी माणसाला परवडत नाही. मोठं सिलिंडर दोघांत घेतलं की निम्म्यात पडतं."

"मग आपल्याकडे ठेवायचं."

"जिना कोण चढवणार? तुझ्याएवढं उंच आहे ते. त्यांची शेड रस्त्याला लागून आहे. भिंतीला साखळीनं बांधून ठेवलंय."

हिशेब बरोबर होता, तेच माझं दुखणं. चुकीचा असता तर मी तो तिथल्या तिथं मोडून काढला असता. मी स्वतः जन्मभर हेच करत आले. शेजारणीला बरोबर घ्यायचं, कांद्याचं पोतं घ्यायचं, दोघींत वाटून टाकायचं. पण पोतं वाटलं की ज्याचं त्याच्या घरी जातं. सिलिंडर वाटता येत नाही. ते एका जागी उभं राहतं आणि माणसंच त्याच्याकडे जातात.

हे जायला लागले. रोज संध्याकाळी, चहा पिऊन. परत यायचे तेव्हा अंगाला जळक्या लोखंडाचा वास, सदऱ्याला बारीक बारीक भोकं, आणि तोंडात कसलीशी गुणगुण. सदरे रफू मी करायचे. गुणगुण कुणासाठी होती ते मला माहीत नव्हतं.

एकदा ह्यांचा जवळचा चष्मा घरी राहिला. मी मनात म्हटलं, चला, निमित्त झालं. पदराला हात पुसले आणि निघाले.

शेडचं दार उघडंच होतं. हे स्टुलावर बसलेले, हात पुढे केलेला. नर्सबाई ह्यांच्या अंगठ्यावर वाकून चिमट्यानं लोखंडाचा कण काढत होती. "हलू नका हो साहेब! तान्ही बाळं बरी तुमच्यापेक्षा." आणि हे हसत होते. घरी पायात काच गेली तरी 'असू दे, असू दे' म्हणत पाठ फिरवणारा माणूस, इथं हात पसरून बसला होता. वर गोष्ट सांगत होता. कचेरीतल्या बड्या साहेबाची छत्री कुणी लपवली त्याची. ती बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढा संसार झाला, पण ही छत्री माझ्या कानावर कधी आली नव्हती.

आणि ह्यांच्या नाकावर चष्मा होता. मी आणलेला नाही, बायकी, लाल काड्यांचा.

"अय्या, वहिनी! या ना, बसा," नर्सबाई म्हणाली. "साहेबांचा हा सांधा बघा. आठ दिवसांपूर्वी नुसती चिखलाची ढेकळं टाकायचे."

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. "चष्मा द्यायला आले होते. पण सोय झालेली दिसतेय."

कोपऱ्यात ते सिलिंडर उभं होतं. खरंच माझ्याएवढं उंच. साखळी कमरेला घातल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, स्कूटर काढ. कपाटातला डबा घेतला. वरच्या खोलीचं भाडं मी त्यात माझं माझं साठवते. कवळी बसवायची होती. म्हटलं, आता दात काय, एवढी वर्षं हिरड्यांनी चावलं, आणखी थोडी चावीन.

डेपोवाला मोठ्या बाटल्या बुडावर तिरक्या धरून गोल गोल फिरवत नेत होता. मला बघून थांबला. "आजी, स्वयंपाकाचा गॅस इथं नाही मिळत."

"मला दूध तापवायचं नाही. वेल्डिंगचा हवाय. लहान बाटली."

"हौशी का?" त्यानं मोठा श्वास सोडला. "बाटली एवढीशी आणि प्रश्न ढीगभर, असं असतं हौशींचं." मग त्यानं भाव सांगितला. सुनेनं माझं कोपर धरलं.

"एवढे पैसे? वाऱ्याचे?"

"वाऱ्याचे थोडेच, आजी. बाटली तपासायची, झडप बघायची, भरायची, गळते का बघायची. बाटली लहान म्हणून काम करायला मला लहान माणूस चालतो का? मजुरी तीच. म्हणून म्हणतो, मोठी घ्या."

"मोठी नको."

"मग कुणाशी भागी करा. आमच्याकडे एक काका आणि एक बाई येतात. काय समजूतदार जोडी आहे! दोघं मिळून-"

"लहान द्या," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी घासाघीस केली नाही. परत येताना सून स्कूटरवरून मागं वळून म्हणाली, "आई, तुम्हाला बरं नाहीये का?"

बाटली गच्चीवर चढवली. ह्यांना वर बोलावलं. हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"माझ्यासाठी?"

"नाही. मी उशाला घेऊन झोपणार आहे."

"फार महाग पडली असेल गं."

"तुम्हाला काय करायचंय? उद्यापासून इथंच करा काय ते. मोकळी हवा आहे."

ह्यांनी आपलं वेल्डिंगचं यंत्र वर आणलं, पण तीच मोकळी हवा नडली. वारा आला की गॅस उडून जायचा आणि सांध्याला जाळी पडायची, जुन्या फडक्यासारखी. मी आमच्या चादरी दोरीवर टाकून आडोसा केला. मग खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, तिकडं ती बसते ना शेजारी, इथं मी बसते.

"इकडे बघू नकोस," हे म्हणाले. "डोळे जातील." तिच्याकडे काळ्या काचेचा टोप होता. माझ्याकडे पाठ होती. मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले आणि पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. मागून चर्र चर्र आवाज यायचा, टाकीवर माझी सावली उजळायची, विझायची.

"ती छत्रीची गोष्ट सांगा की," मी टाकीला म्हणाले.

"कुठली छत्री?"

"बड्या साहेबाची."

"ती होय. त्यात काय सांगायचं?" चर्र. "काही विशेष नाही."

मग हे बाटलीचा काटा सारखा बघायला लागले. गॅस बारीक सोडायचे. बारीक सोडला की सांधा बिघडायचा, बिघडला की घासून काढायचा, पुन्हा करायचा तर पुन्हा गॅस. "मोठा सोडा ना," मी म्हणायचे. "जपून वापरतोय," हे म्हणायचे. "तुझे पैसे आहेत." आणखी थोड्या दिवसांनी ह्यांनी बाटलीची झडप घट्ट बंद केली, तिच्यावर टोपण चढवलं, आणि खाली येऊन वर्तमानपत्र घेऊन बसले.

नर्सबाईकडे जाणंही ह्यांनी बंद केलं होतं. मी काही बोलले नव्हते हो. एवढी महागाची वस्तू घरात आणल्यावर बोलायची गरज पडत नाही. संध्याकाळी चहा घेतला की हे घरात. कुठं जाणं नाही, सदऱ्याला भोक नाही, अंगाला वास नाही. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. समोर माणूस बसलेला असायचा आणि दुपारी वाचलेलं वर्तमानपत्र पुन्हा वाचायचा. मी दोनदा मुद्दाम काहीतरी खुसखुशीत बोलले. हे "हं" म्हणाले.

परवा संध्याकाळी दारावर टकटक झाली. नर्सबाई. मी दार अर्धंच उघडलं.

"बसत नाही, वहिनी. साहेबांचे हातमोजे राहिले होते माझ्याकडे." तिनं ते माझ्या हातात दिले. धुऊन, घडी घालून. "सिलिंडर उद्या डेपोत परत करतेय. संपलं आता. एकटीला भरून आणणं झेपत नाही मला."

"मग तुमचे पक्षी?"

"झाले तेवढे झाले." ती हसली, पण तिच्या त्या नेहमीच्या हसण्यासारखं नाही.

हे मागं येऊन उभे होते, मला कळलंच नाही. तसेच जिन्यानं वर गेले. थोड्या वेळानं धापा टाकत खाली आले ते ती लहान बाटली कवेत घेऊन. तिच्यासमोर उंबऱ्यावर ठेवली.

"ही तुम्ही न्या. अर्धीअधिक भरलेली आहे. माझं काही आता व्हायचं नाही."

माझी बाटली. माझे दात. माझ्यादेखत.

नर्सबाईनं दोन्ही हात मागं घेतले. "साहेब, काय करताय हे? वहिनींनी तुमच्यासाठी आणलीय ती. असं उचलून देऊन टाकतात का? जरा तरी वाटायला हवं माणसाला!"

माझ्या वतीनं माझ्या नवऱ्याला रागवायचा अधिकार हिला कुणी दिला? आणि बोलली ते शब्दाला शब्द मला बोलायचं होतं तेच. एवढं चांगलं वागायची काही गरज नव्हती तिला. भांडली असती, बाटली उचलून नेली असती, तर मी सुखानं दार लावून घेतलं असतं.

ह्यांनी मान खाली घातली. टेबलाचे खण रिकामे करून पिशवी घेऊन शेवटच्या दिवशी कचेरीतून घरी आले होते, अगदी तसा चेहरा झाला. तेव्हाही मी तो पाहिला होता आणि हात धुवायला पाणी दिलं होतं. आणखी काय द्यायचं ते तेव्हा सुचलं नव्हतं.

मी हातमोजे ह्यांच्या छातीशी धरले, ह्यांनी घेईपर्यंत धरून ठेवले. मग दार पुरतं उघडलं.

"बाई," मी म्हणाले, "तुम्ही मला आवडत नाही. पुढंही आवडणार नाही, उगीच आशा ठेवू नका. पण ते सिलिंडर परत करायचं नाही. उद्या भरून आणा. ह्यांचा वाटा मी देणार, आणि तो माझ्या हातून घ्यायला तुम्ही इथं, ह्या दारात यायचं, रस्त्यातून हाका मारायच्या नाहीत. संध्याकाळी हे येतील. जेवायच्या वेळेला घरी परत. आणि एक नीट ऐकून ठेवा, मी ह्यांना तुमच्याकडे पाठवतेय. दिलेले नाहीत."