नर कासवाचं काय?

मागच्या वर्षी हजेरीला 'येस टीचर' म्हणतानाही अवनीचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. नववीत मात्र तिला असा काही कंठ फुटला की विज्ञान प्रदर्शनात तिच्या टेबलापुढून कुणाची सुटका नव्हती. तक्त्यावर एकीकडे पारदर्शक पंखांचा चतुर, दुसरीकडे ऑलिव्ह रिडले कासव. शेजारी ज्वालामुखी मांडून बसलेली ऋचा तोंड फुगवून तिच्या गुजराती वळणात म्हणाली, "बस कर ने आता, माझ्याकडे पण येऊ दे कुणाला."

दोन्ही प्राण्यांची ओळख अवनीला आजोबांनीच करून दिलेली. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समागे मैदान होतं. नवरात्राच्या सुमारास तिथे चतुरांचे थवे उतरत. आजोबा वर्कशॉपातून सुटले की ग्रीसच्या हातांनीच तिला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे नेत. एखादं पोर चतुराच्या शेपटीला दोरा बांधताना दिसलं, की त्याची खैर नसे. मग कठड्यावर बसून ते आपल्या कोकणातल्या किनाऱ्याची गोष्ट सांगत. बोटाएवढी पिल्लं समुद्रात जातात, आणि कितीतरी वर्षांनी कासव त्याच वाळूत परत येतं. त्या संध्याकाळी आठवल्या की अवनीला अजून ग्रीसचा वास येई.

आजी गेल्यापासून ते ही गोष्ट रोजच सांगू लागले. दिवाळीनंतर कायमचं गावी जायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाबांनी समजावून पाहिलं, पण व्यर्थ. परतलंच पाहिजे असं नाही हे त्यांना पटावं आणि त्यांनी जाऊ नये, म्हणूनच अवनीने हा तक्ता मांडला होता.

आजोबा आले तेव्हा तिने सगळं नव्याने सांगितलं. कासवीण अंडी घालायला जन्माच्या किनाऱ्याकडे येते. चतुर मात्र इथून समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेकडे जातात, असं शास्त्रज्ञ मानतात. गेलेला चतुर परतत नाही. डबक्यात अंडी घालून तो तिकडेच संपतो. परत येतात ती त्याची नातवंडं.

"आणि नर कासवाचं काय?" आजोबांनी विचारलं.

हे अवनीने वाचलं होतं, पण तक्त्यावर मुद्दामच लिहिलं नव्हतं. त्यांची इतक्या वर्षांची गोष्ट आपण का मोडायची? पण ते तिच्या डोळ्यांत बघत उभे होते.

"नर एकदा पाण्यात शिरला की सहसा किनाऱ्यावर येत नाही, आजोबा. आणि कासवीणसुद्धा राहत नाही तिथे. अंडी घालते आणि त्याच रात्री समुद्रात परत जाते."

घरी जाताना मैदानापाशी आजोबांची पावलं आपोआप थांबली. उन्हात चतुर भिरभिरत होते.

"आयुष्यभर अर्धीच गोष्ट सांगितली म्हणायची मी," ते म्हणाले. मग तिच्या डोक्यावर टपली मारून, "बाबाला सांग, दोन तिकिटं काढ. तुझं आणि माझं. दिवाळीच्या सुट्टीत किनारा दाखवतो तुला."

"आणि परतीची?"

"तीही दोनच काढायला सांग, शहाणे."