फुंकर

माझी सासू स्टोयना सशाचं कमावलेलं कातडं फुंकर मारल्याशिवाय घेत नसे. फुंकरीने केस फाकले, की मुळाशी कसर लागलीय का, ते लगेच दिसतं. कातडं पसंत पडलं, की ती नुसतं "हं" म्हणायची आणि ते घेऊनच जायची. गेल्या हिवाळ्यात ती वारली.

शनिवारी स्मोल्यानच्या बाजारात मीही तशीच फुंकर मारली, तर कातडीवाला वेल्को हसला. "वहिनी, चहा आहे का तो?"

"केस गळले ना, तर तुझ्याच टकलावर आणून चिकटवीन!"

घरी टोपी बेतायला ते कातडं उलटं पसरलं, केस तुटू नयेत म्हणून मागून पात्याने कापलं आणि सुलटं केलं. खिडक्या बंद होत्या. तरी केस मधोमध फाकले, मिटले, पुन्हा फाकले.

माझं डोकंच फिरलं. "सासूबाई, मेल्यावर तरी माझ्या खरेदीवर विश्वास ठेवा!"

केस निमूट मिटले. जिंकले एकदाची, म्हणत मी सुईत दोरा ओवायला मान खाली घातली. तेवढ्यात मानेवर गार वारा लागला. माझेच केस हळूच फाकले, आणि कानामागे कुणीतरी म्हणालं, "हं."